मदत हवी आहे: कोल्हापुरात आई-बाबांना दुपारी जेवायला कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी. मी शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आहे, हॉस्टेलवर राहते. येत्या रविवारी आई-बाबा पहिल्यांदाच भेटायला येतायत. बाबांना तांबडा-पांढरा रस्सा खायचाच आहे. आई मात्र पक्की शाकाहारी, शिवाय तिला तिखट सोसत नाही. दोघांना एकाच टेबलावर पोटभर जेवता येईल असं ठिकाण राजारामपुरी किंवा बिंदू चौकाच्या बाजूला आहे का? आईला गरम भाकरी आणि पिठलं मिळालं तरी चालेल, फक्त वाढायचा डाव वेगळा हवा, ती ते फार पाळते. संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ, मग गंगावेशीत धारोष्ण दूध, हे ठरलंय. दुपारचंच अडलंय. रविवारी नंबर लागायला किती वेळ जातो तेही सांगा, बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.