अनुभव धागा: सूत, साखळी, तोळा यांचं मेट्रिक करताना

वजनमापांचा कायदा १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक टप्प्याटप्प्यानं आलं, १ एप्रिल १९६२ पासून जुनी वजनं बाद झाली. कोल्हापुरात सूत, गुंठा, तोळा मात्र अजून रोज तोंडात आहेत. तुमच्या धंद्यात हिशेब कुठं फसतो ते आकड्यांसकट लिहा. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

उद्यमनगर, लेथकाम:
जुन्या लेथचा लीड स्क्रू (टूल पुढं सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आट्यांचा असेल तर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ६.३५ मिमी. त्यावर एम १२ (१२ मिमी व्यासाच्या) बोल्टाचा १.७५ मिमी पिच काढायला गिअरचं गुणोत्तर ३५/१२७. स्टडवर (स्पिंडलकडून फिरणाऱ्या दांड्यावर) ३५ दात्यांचा गिअर, लीड स्क्रूवर १२७ चा, मध्ये आयडलर (नुसता जोडणारा गिअर). १२७ च का, तर ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी. एवढा मोठा गिअर बसत नसेल तर ६३/८० गुणिले ३५/१०० अशा गिअरच्या दोन जोड्या लावतात. फरक मीटरला साधारण ०.१२५ मिमी, बोल्टाला खपतो, मशीनच्या स्क्रूला नाही.

काप संपला तरी हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) उघडायचा नाही. टूल मागं घ्या आणि मशीन उलटं फिरवून परत आणा. उघडलात की पुढचा काप आट्यांवर चढलाच म्हणून समजा, थ्रेड डायल (नट कधी बंद करायचा ते दाखवणारी तबकडी) इंची स्क्रूवर मेट्रिक आटे काढताना कामाची नाही.

बांधकाम साहित्य:
सूत म्हणजे १/८ इंच, ३.१७५ मिमी. ‘चार सुती’ मागितली की १२ मिमी सळी मिळते, अर्धा इंच मात्र १२.७. छेदाचं क्षेत्रफळ जवळपास ११ टक्के कमी, तेव्हा जुन्या नकाशातली सळ्यांची संख्या तशीच उचलू नका.

जमीन मोजणी:
जुन्या टिपणात (मोजणीच्या नोंदीत) साखळी-आणे असतात. साखळी ३३ फूट, म्हणजे १०.०६ मीटर, तिचे १६ आणे. ‘३ साखळी ८ आणे’ म्हणजे साडेतीन साखळ्या, ३५.२ मीटर. कॅल्क्युलेटरवर ३.८ मारलं की ३८.२ येतात आणि बांध तीन मीटर शेजाऱ्याच्या उसात जातो. भांडणं अशीच लागतात.

गुजरी (सराफ बाजार):
जुन्या चिठ्ठीतला तोळा ११.६६४ ग्रॅम, आताचा १० ग्रॅम. गुंजा लिहिल्या असतील तर ९६ चा तोळा धरा.

वजनकाटा दुरुस्ती:
इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी १२ महिन्यांनी, लोखंडी वजनांची २४ महिन्यांनी. २००९ च्या कायद्यानं भाव तोंडी सांगतानाही प्रमाणित एककच हवं, म्हणजे ग्रॅम, तोळा नव्हे. गुजरीवाल्यांनी वाचावं!

जमीन मोजणी, पुन्हा:
सातबाऱ्यावर ०.४०.४७ म्हणजे ४० आर ४७ चौरस मीटर, एक एकर. गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. खरेदीखतात ४० गुंठ्यांना ४० आर लिहिलं तर सुमारे ५०४ चौरस फूट जातात.