मदत हवी आहे : कच्च्या माशातील अळी मेंदूत गेल्याचा संशय, पाठीतून पाणी काढू द्यावे का?

नमस्कार. आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातील. माझा धाकटा भाऊ दोन वर्षे थायलंडमध्ये हॉटेलात कामाला होता आणि तेथे सोबत्यांबरोबर गोड्या पाण्यातील कच्चा मासा लिंबू पिळून खात असे. गावी परतल्यावर त्याच्या पोटावर खाज सुटणारी सूज आली. मी तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवली, तर तिसऱ्या दिवशी सूज चार बोटे वर सरकलेली होती. आम्ही पित्ताच्या गांधी समजून मलम लावत राहिलो, याचे फार वाईट वाटते. आता त्याचे डोके असह्य दुखते, मान वाकत नाही, उलट्या होतात आणि रक्तात इओसिनोफिल पेशी (जंत किंवा ॲलर्जी असल्यास वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २८ टक्के आहेत.

नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांना नॅथोस्टोमा या जंताचा संशय आहे. हा जंत मांजर, कुत्रा, वाघ अशा प्राण्यांच्या जठरात वाढतो; माणसात मात्र अळीची वाढ पूर्ण होत नाही, म्हणून ती कातडीखाली, डोळ्यात आणि क्वचित मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत भटकत राहते, असे त्यांनी समजावले. लिंबाच्या रसाने ती मरत नाही. गावात मात्र पत्ताकोबीतला किडा डोक्यात गेला, असेच बोलले जाते. तो आजार डुकरातील पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होतो आणि वेगळा आहे, हे सांगून मी थकलो.

डॉक्टरांना आधी मेंदूचा एमआरआय करून, डोक्यातील दाब वाढलेला नसल्यास, पाठीच्या कण्यातील पाणी तपासायचे आहे. त्यात इओसिनोफिल १० टक्क्यांहून अधिक निघाले तर संशयाला बळ मिळेल. आई अडून बसली आहे. “पाठीत सुई गेली का पोरगा लुला होते,” एवढेच ती म्हणते. ही तपासणी ज्यांच्या घरी झाली आहे, त्यांनी नंतर किती दिवस त्रास झाला ते कृपया लिहावे. मी आईला वाचून दाखवीन.

दुसरे असे की, शाळेत वाटतात तीच जंतांची अल्बेंडाझोलची गोळी आजच देऊन टाका, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. मेंदूत अळी मेल्यास सूज वाढू शकते, म्हणून स्टेरॉइडशिवाय ती देऊ नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे, आणि मी त्यांचेच ऐकणार आहे. तरीही असे उपचार घेतलेल्यांचा अनुभव हवा आहे.

आमचे घर मासेमारीवर चालते. नीट उकळलेल्या रश्श्याला भीती नाही, हे मला ठाऊक आहे. पण तलावाच्या पाळीवर पोरे मरळ निखाऱ्यावर अर्धवट भाजून खातात, ते आता थांबवायला हवे ना? शुक्रवारी नागपूरला जायचे आहे, त्यापूर्वी कोणी लिहिले तर उपकार होतील.