मदत हवी आहे: न्यूमोनियात दादाला क्लोझापिन चढलं, आता हर्नियाचं ऑपरेशन आहे (ठाणे)

कचराळीकाठी

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच धागा काढते आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे जे झालं ते अर्धवट माहिती दिल्यामुळेच झालं.

माझा मोठा भाऊ, वय ४७, स्किझोफ्रेनिया. बाकीची औषधं लागू पडली नाहीत म्हणून क्लोझापिन सुरू झालं, त्याला आता ११ वर्षं झाली. सकाळी १०० आणि रात्री २५० मिलिग्रॅम. या गोळीने दादा आम्हाला परत मिळाला, हे मुद्दाम आधी सांगते. आईची औषधं तोच आणतो, भाजी तोच आणतो, संध्याकाळी कचराळी तलावाला चार फेऱ्या मारतो. तेव्हा पुढचं वाचून कुणीही आपल्या माणसाची गोळी मनाने बंद करू नका. सिगरेट मात्र रोजच्या पंधरा-वीस.

जुलैत भिजला, खोकला झाला, ताप १०२ वर गेला. धाप लागली तेव्हा जवळच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. न्यूमोनिया निघाला. मी गोळ्यांची यादी दिली आणि त्यांनी ती जशीच्या तशी चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी लघवीत संसर्ग आहे म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची भर पडली.

पाचव्या दिवशी ताप उतरला आणि दादा बिघडला. लाळ एवढी की दिवसाला चार टॉवेल लागायचे. चमचा धरला की हात झटका बसल्यासारखा उडायचा. जीभ जड. बाथरूमला जाताना कोसळला, तेव्हा बीपी ९० वर ५०. ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, मूळचा आजार उसळलाय, आणि रात्री शांत झोपावा म्हणून आणखी एक इंजेक्शन दिलं. त्याचा मूळचा आजार मी इतकी वर्षं बघते आहे. त्यात तो रात्र रात्र जागतो, भिंतीशी बोलतो, जेवणावर संशय घेतो. हा तर बसल्या जागी पेंगत होता. मी हे तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला फीट आली.

मग मी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "सिगरेट किती दिवस बंद आहे?" हे माझ्या डोक्यातच नव्हतं. वॉर्डात सिगरेट कुठून मिळणार?

त्यांनी समजावलं ते असं. सिगरेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि क्लोझापिनचा निचरा तेच करतं. धूर बंद झाला की थोड्याच दिवसांत ते मंदावतं, मग तीच गोळी रक्तात दीडपट, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त साठते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे निकोटिनच्या च्युइंगगमने ही पातळी खाली येत नाही. अंगात मोठा संसर्ग असला की तेच एन्झाइम आणखी दबतं. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन त्यालाच अडवतं. आमच्याकडे तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या.

त्यांनी एक मात्रा थांबवली, नंतर निम्म्याहून कमी डोस ठेवला, अँटिबायोटिक बदलायला लावलं. चार दिवसांनी दादाने विचारलं, "आईने जेवून घेतलं का?" मी वॉर्डाबाहेर जाऊन रडले.

आता तो घरी आहे, २०० मिलिग्रॅमवर. पण त्या खोकल्याने हर्निया वाढला आणि तीन आठवड्यांनी ऑपरेशन ठरलंय. रुग्णालय वेगळं, सर्जन वेगळे. सर्जन म्हणाले, मानसिक गोळ्या चालू राहू द्या, आमचा त्याच्याशी संबंध नाही. मला तेच ऐकून भीती वाटते. दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावायचं कसं? रक्तातली क्लोझापिनची पातळी ठाण्यात कुठे तपासतात, नमुना कधी द्यायचा? आणि सिगरेटचं काय? पाच आठवडे झाले, त्याने ओढलेली नाही, पण तलावाच्या वाटेवर टपरी आहे. पुन्हा सुरू झाली तर हा कमी केलेला डोस पुरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या माघारी त्याने ओढली तर मला कळणार कसं?

खाडीपलीकडे

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही ऐरोलीला राहतो. बाबा ७२ वर्षांचे, ॲमिसल्प्राइडवर होते, तेही मानसिक आजारावरचंच औषध. ते औषध मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं. मधुमेहाने किडनी हळूहळू कमी चालायला लागली, पण डोस पूर्वीचाच राहिला. चेहरा लाकडासारखा, पावलं घासत चालायचे, दोनदा पडले. आम्ही सगळे वय झालं, वय झालं म्हणत राहिलो. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. डोस कमी केल्यावर महिन्याभरात बाबा पुन्हा स्वतःच्या हाताने दाढी करायला लागले.

पातळीच्या तपासणीबद्दल: माझ्या मावसभावाची करतो. मोठ्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात आणि पुढे पाठवतात, रिपोर्टला काही दिवस लागतात, म्हणून ऑपरेशनच्या बऱ्याच आधी करा. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी नमुना द्यायचा. आधी फोन करून विचारून घ्या, प्रत्येक सेंटरवर घेत नाहीत.

नाइट_ड्युटी

मी वाशीत नर्स आहे, सर्जिकल वॉर्डात सोळा वर्षं. ताई, तुम्ही तीनदा सांगितलंत ते बरोबरच होतं. नातेवाईक "हा नेहमीसारखा नाही" म्हणतात तेव्हा ते ऐकलं गेलं पाहिजे, हे मी नव्या मुलींना रोज सांगते.

मानसोपचारतज्ज्ञांकडून सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्या नावे एकाच पानाचं पत्र घ्या. तोंडी निरोप फाइलमध्ये राहत नाही, शिफ्ट बदलली की संपला. पत्रात डोस, शेवटच्या पातळीचा आकडा, सिगरेट बंद असल्याची तारीख आणि फीट येऊन गेल्याचं येऊ द्या. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने, एमएचआरएने, ऑगस्ट २०२० मध्ये याच विषयावर डॉक्टरांना सूचना दिली आहे: क्लोझापिनवरच्या रुग्णाने सिगरेट सोडली, न्यूमोनियासारखा गंभीर संसर्ग झाला, किंवा औषध चढल्याची शंका आली तर रक्तातली पातळी तपासा. ती छापून पत्राला जोडा. छापील कागद समोर असला की बोलणं सोपं जातं.

ऑपरेशननंतर दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पहिली, पोट साफ होणं. क्लोझापिनने आतडी मंद होतात, त्यात ऑपरेशन आणि वेदनाशामकं. हे दुर्लक्षित राहिलं तर आतडी तुंबून जिवावर बेततं, आणि हर्नियावाल्याने कुंथणं तर मुळीच चांगलं नाही. रेचक पहिल्या दिवसापासून द्यायचं का, हे आधीच विचारून ठेवा. दुसरी, ट्रामाडॉल. दुखण्यावर सर्रास लिहिलं जातं, पण त्यानेही फीटचा धोका वाढतो. दादांना एकदा फीट येऊन गेली आहे, म्हणून नाव घेऊन विचारा.

उपाशी ठेवण्याच्या गडबडीत गोळ्या किती तास चुकल्या तेही लिहून ठेवा. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम देत नाहीत, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो. आणि ताप किंवा घसादुखी आली की त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), कारण हे औषध पांढऱ्या पेशी पाडू शकतं. ११ वर्षांनी ते क्वचित होतं, पण तपासायला काय जातं?

पिंपळपार

एवढे दुष्परिणाम असतील तर गोळी बंद करून निसर्गोपचार का करत नाही?

कचराळीकाठी

@पिंपळपार, २००९ मध्ये आम्ही सगळी औषधं बंद केली होती. दादा तेव्हा नऊ दिवस बेपत्ता होता, कसाऱ्याला सापडला. तो रस्ता आमच्यासाठी बंद आहे.

@खाडीपलीकडे, @नाइट_ड्युटी, तुमचे उपकार कसे मानू? उद्याच पत्रासाठी वेळ घेते. ट्रामाडॉलचं नाव वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.

नाइट_ड्युटी

सिगरेटबद्दल राहिलंच. ताई, टपरीवर पाळत ठेवू नका, खिसे तपासू नका. रागावलात तर तो लपवेल, आणि लपवलेली सिगरेट डोस ठरवताना घात करते. त्याला हिशोब नीट समजावून सांगा. आमच्या वॉर्डात अशा माणसांना कुणी सांगतच नाही, त्यांना कळणार नाही असं धरून चालतात. त्यांना कळतं. ओढली तर ओढली म्हणून सांग, एवढंच मागा. हळूहळू रोजची झाली तर डोस डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.

कचराळीकाठी

आठ दिवसांनी लिहिते आहे. पातळी ४१० आली, डॉक्टर म्हणाले ठीक आहे. पत्र मिळालं. भूलतज्ज्ञांनी ते दोनदा वाचलं आणि मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर स्वतः मागून घेतला. ट्रामाडॉल देणार नाहीत.

दादाला मी एन्झाइमची सगळी गोष्ट चित्र काढून सांगितली. त्याने विचारलं, "म्हणजे धूर बंद झाला म्हणून माझे हात उडत होते?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता.

आज सकाळी चहा घेताना त्याने स्वतःहून सांगितलं की काल तलावावर एक ओढली. तारीख, वेळ, एक सिगरेट, असं त्यानेच वहीत लिहिलं. साडेदहाला क्लिनिक उघडलं की फोन करते.