हंगल यांच्या भूमिकांचा साचा

अभिनेते ए. के. हंगल यांना हिंदी चित्रपटसृष्टीने सोशिक वडील-आजोबांच्या साच्यात अडकवले, हे त्यांच्याविषयीच्या चर्चेत मांडले गेलेले मत मला अर्धेच पटते. साचा होता, परंतु १९६६ च्या 'तीसरी कसम'मधून ते पडद्यावर आले तेव्हाच त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते, त्यामुळे तरुण हंगल प्रेक्षकांना दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. चर्चेत अद्याप न आलेली बाब त्याआधीच्या आयुष्याची आहे: पेशावरात वाढलेल्या हंगल यांनी शिवणकामावर पोट भरले, कम्युनिस्ट चळवळीपायी कराचीत तुरुंगवास भोगला आणि १९४९ मध्ये मुंबईला आल्यावर 'इप्टा' या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेच्या नाटकांतून, अभिनेते बलराज साहनींसारख्यांच्या सहवासात, आपला अभिनय घडवला. चित्रपट हा त्यांच्या दृष्टीने बराच उशिरा आलेला व्यवसाय होता.

साच्याबद्दलच बोलायचे तर 'शोले'मधील अंध इमामाची आठवण सारेच काढतात, मात्र १९८२ च्या 'शौकीन'मध्ये अशोक कुमार आणि उत्पल दत्त यांच्या जोडीने त्यांनी रंगवलेला रंगेल म्हातारा (आणि तोही किती संकोचून रंगेल!) कुणालाच कसा आठवला नाही, याचे मला नवल वाटते.