मदत हवी आहे: सीडी१६ए रिसेप्टरला फ्यूकोजचा फरक कळत नाही

एनके (रोगप्रतिकारक) पेशींवरचा सीडी१६ए रिसेप्टर आयजीजी१ अँटिबॉडीच्या एफसी भागाला, म्हणजे तिच्या शेपटीला, धरतो. तिथल्या २९७व्या जागेच्या अस्पॅराजिन या अमिनो आम्लावरच्या शर्करासाखळीत फ्यूकोज ही साखर नसेल, तर पकड कित्येक पटींनी घट्ट व्हायला हवी. माझ्या एसपीआरमध्ये (चिपवर रिसेप्टर बसवून बंधन मोजायची पद्धत) मात्र फ्यूकोज असलेल्या आणि नसलेल्या अँटिबॉडीचे आलेख जवळपास एकमेकांवर बसतात.

फ्यूकोज खरंच गेलंय. एएएल लेक्टिनच्या (फ्यूकोजला चिकटणारं प्रथिन) ब्लॉटवर एकीचा बँड गडद, दुसरीची जागा कोरी. पीएनजीएज-एफ एन्झाइमने अँटिबॉडीची पूर्ण साखळी काढली की बंधन जवळजवळ संपतं, म्हणजे चिप ठीक असावी. रिसेप्टर १५८ व्हॅलिन प्रकारचा (१५८व्या जागी व्हॅलिन, जास्त घट्ट धरणारा) आहे. नवा बॅच, चिपवर कमी रिसेप्टर, प्रवाहाचा वेग बदलणं, सगळं करून झालं.

आता संशय रिसेप्टरवरच येतोय. तो ई. कोलाय जीवाणूत बनवलाय, जो अशी साखर जोडत नाही, म्हणजे त्याच्या स्वतःच्या १६२व्या अस्पॅराजिनवर साखर नाहीच. आणि फ्यूकोज नसताना नेमक्या याच दोन साखळ्या एकमेकींना भिडतात. इतके दिवस मी फक्त अँटिबॉडीचीच साखर तपासत राहिलो.

तयार रिसेप्टर विकत घेण्याइतकं बजेट नाही. आमच्याकडे पिचिया यीस्ट आहे; एचईके२९३ या मानवी पेशी शेजारच्या विभागाकडून मागाव्या लागतील. पिचियाची मॅनोजने भरलेली साखळी १६२ वर असेल तर हा फरक दिसेल का, की एचईकेच लागतील?