उडती टॅक्सी: स्टार्टअपने हात घालावा असा धंदा आहे का?

सांगलीकर:
विजेवर चालणारी, हेलिकॉप्टरसारखी जागच्या जागी उभी उडणारी टॅक्सी बांधणाऱ्या लिलियम या जर्मन कंपनीची गत बघा. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या चौघांनी २०१५ मध्ये काढली, २०२१ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात गेली, अब्ज डॉलरहून जास्त पैसा जिरवला. जर्मन संसदेच्या समितीने ५ कोटी युरोंच्या कर्जहमीला नकार दिला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात दिवाळखोरी. तोवर माणूस बसवून एकही उड्डाण नाही! आता आपल्याकडे याच धंद्यात बंगळूरला सरला एव्हिएशन, चेन्नईला ईप्लेन. माझ्या मते हा स्टार्टअपचा धंदाच नव्हे. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाचा आराखडा सुरक्षित असल्याचा सरकारी दाखला, मिळेपर्यंत गल्ल्यात दमडी येत नाही, आणि ते कधी मिळेल हे गुंतवणूकदाराला कोण सांगणार?

पंखेवाला:
लिलियम आराखड्याने बुडाली, धंद्याला कशाला नावं ठेवता? पंखा जितका लहान, तितकी थोडी हवा फार जोराने खाली ढकलावी लागते. त्यांचे ३०-३६ चिमुकले पंखे. पुढे जाताना ठीक, पण जागच्या जागी तरंगताना बॅटरी घटाघटा पिणार. आणि बॅटरीत किलोमागे जेमतेम २५०-३०० वॉट-अवर. विमानाच्या इंधनात साधारण १२,०००. मोठ्या, कलत्या पंख्यांची टॅक्सी बांधणारी अमेरिकेची जॉबी बघा: २००९ पासून चिकाटीने चालू आहे, टोयोटा पैसे घालते आहे.

सांगलीकर:
व्होलोकॉप्टर या दुसऱ्या जर्मन कंपनीच्या टॅक्सीचे १८ पंखे तर चांगले ऐसपैस होते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेणार म्हणाले, नेले नाहीत. लिलियमपाठोपाठ डिसेंबरात तेही दिवाळखोरीत. आणि टोयोटा पाठीशी असेल तर त्याला स्टार्टअप कशाला म्हणायचं, राव?

पंखेवाला:
व्होलोकॉप्टरला विमानासारखे आडवे पंखच नाहीत, सगळा वेळ नुसतं तरंगणं. त्यात वैमानिक धरून दोन जागा. एका तिकिटावर काय भागणार? टोयोटाचा मुद्दा मान्य.

चारकोपची_गच्ची:
आमच्या कांदिवलीत कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं, डीजीसीएची (विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची) नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. ते तर साधं पेट्रोलवालं, नेहमीसारखं धावपट्टीवरून उडणारं. विजेच्या उभ्या उड्डाणाची फाईल किती टेबलं फिरेल? तरी माझं मत बांधण्याच्या बाजूनेच. नाहीतर पुढे आयातच करत बसू.

सांगलीकर:
बांधा की! फक्त टॅक्सी म्हणून विकू नका. ईप्लेन एअर ॲम्ब्युलन्सच्या मागे आहे, ते पटतं. तिथे भाडं कोणी मीटरशी ताडून बघत नाही.

पंखेवाला:
म्हणजे धंदा आहे तर!

सांगलीकर:
गिऱ्हाईक आहे म्हणालो. धंदा म्हणालो नाही.