किचनच्या नळाला धार नाही, मानेला पांढरा थर. बदलू की साफ करू?

रिकामटेकडी:
आम्ही वाघोलीच्या पुढे राहतो. सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं, निम्मं टँकरचं. सिंकवरचा उंच मानेचा नळ बसवून जेमतेम दीड वर्ष झालं. आता तोंडाशी आणि बुडाशी पांढरा थर चढलाय, नखाने खरवडला की पापुद्रे निघतात. धार सरळ पडायचं नाव नाही, एक फवारा थेट ओट्यावर. कुकरभर पाणी घ्यायला आधीच्या दुप्पट वेळ. वर मान फिरवली की बुडातून पाणी झिरपतं ते वेगळंच. प्लंबर म्हणतो, "ताई, नवीनच बसवू." खरंच बदलायला झालाय का? तुम्ही कशाने साफ करता?

आमटीभात:
टॉयलेट क्लीनर लावा, पाच मिनिटांनी धुवा. आमच्या बाथरूमच्या टाइल्स लख्ख झाल्या.

सांगलीकर:
अहो, नको!! त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. दिवाळीच्या साफसफाईत हा उद्योग मी करून बसलोय. थर गेला, सोबत क्रोमचा मुलामाही गेला. आता नळावर पिवळट चट्टे आहेत आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे काय झालं. ब्लीचसोबत तर चुकूनही वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. तारेची घासणीसुद्धा नको.
साधं व्हिनेगर घ्या. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. जुनं सुती फडकं भिजवून नळाला गुंडाळा, १५-२० मिनिटांनी काढा, जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा, भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवायचा मोह टाळा. थर उरला तर दोन दिवसांनी परत करा.

कोकणची माणसं:
व्हिनेगरचा वास सोसत नसेल तर लिंबूसत्व. कपभर कोमट पाण्यात एक चमचा. आजी पितळी तोटी चिंचेने घासायची, पण ती भरीव पितळेची होती. आताच्या नळांवर तसा जोर काढू नका.

खटपट्या:
थर बाहेरचा दिसतोय, पण धार अडलीय ती आत. नळाच्या तोंडाशी एक जाळी असते, एरेटर म्हणतात. तिच्यात क्षाराचे खडे आणि टँकरची रेती अडकते. नळ बदलायच्या आधी ती काढून बघा.

काढायची कशी, यात सगळे चुकतात. खालून तोंडाकडे बघत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. म्हणजे ओट्यापाशी उभं राहून वरून बघताना ती घड्याळाच्या दिशेने फिरेल. मी पहिल्यांदा उलटी आवळत बसलो होतो. हाताने हलली नाही तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पक्कड लावा, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. सिंकच्या भोकावर आधी वाटी पालथी घाला, नाहीतर वॉशर गेला ड्रेनमध्ये. जाळी तोंडाच्या आत लपलेली असेल तर ती काढायची प्लास्टिकची चावी नळाच्या खोक्यात असते. खोका टाकला असेल तर... असो.

आतले भाग कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. बुडबुडे आले तर समजा, क्षार विरघळतोय. जाळी नसतानाच नळ जरा सोडून बघा: धार जोरात आली तर प्रश्न जाळीचाच. तरीही बारीक असेल तर सिंकखालचा अँगल कॉक (नळाचं पाणी बंद-चालू करायची तोटी) पूर्ण उघडा आहे का बघा. जाळी परत बसवताना टेफ्लॉन टेप लागत नाही, तिचा स्वतःचा रबरी वॉशर असतो.

बुडातून झिरपणं हे बहुतेक ओ-रिंगचं, म्हणजे मानेच्या बुडाशी असलेल्या रबरी कडीचं. मान उपसून जुनी रिंग दुकानात घेऊन जा, डोळ्याच्या अंदाजाने आणू नका. आणि खोबरेल लावू नका! काही रबरं तेलाने फुगतात. सिलिकॉन ग्रीस मिळालं तर तेच.

सांगलीकर:
+१. शिवाय पाण्याचा रिपोर्ट मागवा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. आमच्या बोअरचा ५८० आला. नुसतं टीडीएस मीटर बुडवून हे कळत नाही, ते सगळेच क्षार एकत्र मोजतं.

रिकामटेकडी:
रविवारी केलं. आधी मीही उलटीच आवळली, हे कबूल. 😀 जाळीतून चमचाभर पांढरे खडे, थोडी रेती आणि टेफ्लॉनचा एक लोंबता तुकडा निघाला. लिंबूसत्वात टाकल्यावर सोडा फेसाळावा तसं झालं. आता धार सरळ, कुकर पटकन भरतो. बाहेरचा थर दोन वेळा व्हिनेगर लावून गेला, फक्त बुडाशी एक कडी उरलीय.
ओ-रिंगचं मात्र अडलंय. पाणी बंद करायला गेले तर अँगल कॉक जाम, हलतच नाही. जोर लावू का?

खटपट्या:
नको! जोराने देठ तुटला तर घरभर पाणी. गच्चीवरच्या टाकीचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून मगच हात लावा, आणि हे काम खरंच प्लंबरला द्या. नवीन कॉक बसला की महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बंद-चालू करत जा.

रिकामटेकडी:
व्हॉल्व्हची किल्ली वॉचमनकाकांकडे आहे, ते गावाला गेलेत. तोवर बुडाशी फडकं बांधलंय.